फाटकासमोरचा दादा

४ मार्च
स्मारक समिती येऊन गेली. मातीच्या पुतळ्यावरचं ओलं फडकं काढलं, तर अध्यक्ष चक्क मागे सरले! "बाई, तोंड जरा हसरं करता येईल का? कारखान्याच्या फाटकासमोर बसवायचाय." आगीत माणसं होरपळून गेली, त्यांचं स्मारक — आणि हसरं! म्हटलं, मग दंतमंजनाच्या जाहिरातवाल्यालाच बोलवा. चहा न घेताच गेले. बरं झालं, साखर संपलीच होती.

७ मार्च
पुतळा दादाचा. माझा सख्खा थोरला भाऊ. बाहेर पडला होता, अडकलेल्यांना काढायला परत आत शिरला.
दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून मी रेखाटत होते — उघडं राहिलेलं तोंड, गळ्याच्या ताणलेल्या शिरा. नर्स पुटपुटली, "बहीण आहे की दगड!" असेन दगड. त्याच रेखाटनांवरून लाकूड कोरलं, छापे काढले. प्रदर्शनात लोक ढसाढसा रडले. "दुःख मांडावं तर तुम्हीच!" आता त्याच लोकांना हसू हवंय.

८ मार्च
नव्या छाप्यासाठी लाकूड कोरताना पटाशी बोटात घुसली. लाकडाचा काही दोष नाही.

११ मार्च
अध्यक्षांचा निरोप — तोंड बदला, नाहीतर काम दुसऱ्याला देऊ. दुसरा म्हणजे तो गुळगुळीत! पुढाऱ्यांच्या टकलांना पॉलिश करण्यात हयात गेली त्याची. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी जात सगळी!
वहिनीला फोन केला. "तू चल समितीपुढे. तू दादाची बायको, तुझं ऐकतील." नुसतं "हं" म्हणाली.

१४ मार्च
वहिनी आली. पुतळ्याकडे पाठ करून स्टुलावर बसली.
"वन्सं, समितीला मीच सांगितलं."
"काय सांगितलंस?"
"हसरं करा म्हणून."
मी हातातला मातीचा गोळा खाली ठेवला.
"हे तोंड मी त्या खाटेवर पाहिलंय. डोळे मिटले की तेच दिसतं. त्याच फाटकातून मला रोज कामावर जायचंय. तिथे तरी माझा नवरा मला भेटू दे."
"मग मला का नाही बोललीस?"
"तुमच्याशी बोलायची सोय आहे का!"
गेली. जाताना पदर तोंडावर धरला होता, तो दार ओलांडेपर्यंत सोडला नाही.

१५ मार्च
जबडा खरवडून काढला. ओठांसाठी माती मळली. मग नुसती बसून राहिले.
दादा हसायचा कसा, तेच आठवत नाही.