शेंबडीचं दुसरं नाव

आबा, शेंबडी कुठं सापडत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुम्हाला सांगून उपयोग नाही, पण दुसऱ्या कुणाला त्या माशाचं काही वाटत नाही. पूर्णेच्या आपल्या काठाला विचारून झालं. पोरं नाव ऐकूनच हसतात, आणि माझे पाय आता शिवेपलीकडं जात नाहीत.

निजामाच्या दिवसांतला परभणीचा तो बंगला आठवतो. साहेबांच्या दिवाणखान्यात काचेची पेटी, तिच्यात हैदराबादहून आणलेले लाल मासे. सगळे त्यांना सोनपरी म्हणत. थंडीत सोनपऱ्यांना सर्दी होईल म्हणून बेगमसाहेबा पेटीवर शाल टाकायला लावत. पेटीचं पाणी तुम्ही बदलायचे, स्वयंपाकघरातली भांडी मी घासायची. त्या उन्हाळ्यात आपला डोह आटत आला. आपल्याकडं शेंबडी तेवढ्या एका डोहात राहिली होती, म्हणून पाऊस पडेपर्यंत पेटीत ठेवू द्या, अशी विनवणी करायला तुम्ही उरलेल्या सगळ्या शेंबड्या मडक्यात घालून आणल्या. उन्हाच्या तिरपेत त्यांच्या अंगावर निळी झाक फिरते आहे. बेगमसाहेबा वाकून बघतायत, खुश आहेत. "क्या नाम है इसका?" मी मागून तुमचा सदरा ओढते, "आबा, चांदणी म्हणा." तुम्ही सरळ सांगता, "शेंबडी म्हणतेत, बेगमसाहेब. अंगानं लय बुळबुळीत हाय."

"छी. नक्को, नक्को."

परतीच्या वाटेवर मी भांडले. तुम्ही म्हणालात, "खोटं सांगून खपवायला मी काय बाजारात बसलोय?" मडक्यातली एकेक पोट वर करून तरंगायला लागली. तुम्ही लागेल त्या विहिरीचं पाणी घालत राहिलात. घरी पोचलो तेव्हा एकही जिवंत नव्हती, तरी तुम्ही मडकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्या दिवशी मला तुमचा राग आला होता. अजून आहे.

मागच्या महिन्यात दुर्मीळ मासे शोधणारे एक प्राध्यापक गावात आले. मी त्यांना म्हणाले, चांदणी. नुसत्या नावानं ते हरखले. आता ते नदीकाठची गावं पालथी घालत चांदणी विचारतायत. एखाद्या डोहावर शेंबडी ओळखणारा कुणी म्हातारा असेलही, पण चांदणी म्हटल्यावर तो त्यांना न्हाई म्हणून वाटेला लावणार. खरं नाव कळवायला हवं. रोज पोस्टकार्ड घेऊन बसते. ते नाव ऐकून त्यांनीही शोध सोडला तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू, आबा? तुमच्यासारखं सरळ सांगायचा मला धीर होत नाही.