निओमीचे धुतलेले हात

बालाघाट
रविवार, दुपार

प्रिय लोकेश,

'प्रिय' लिहून पाच मिनिटं पेन तसाच धरून बसले होते. खोडावं की राहू द्यावं? राहू दिलं. सवय म्हण. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा येतात आणि पुढे काहीच येत नाही. म्हणून हे पाकीट हैदराबादला तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर रजिस्टर करून टाकणार आहे, म्हणजे तुला सही करूनच घ्यावं लागेल. आणि मराठीत लिहिते आहे, कारण तुझं-माझं जे काही झालं ते मराठीतच झालं. तिरोडीच्या खाणीवरच्या शाळेत सगळं हिंदीत, म्हणून आपल्या वह्या मराठीत. सरांच्या हाती लागल्या तरी त्यांना ओ की ठो कळू नये. ही अक्कल तुझीच होती.

आधी घरच्या बातम्या. मी अजून त्याच फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवसाचे, लग्नाचे, निवडून आल्याचे बॅनर. गिऱ्हाईक म्हणतं, 'मैडम, चेहरा थोडा साफ कर दो,' मी करून देते. चंद्रशेखरदादा आणि पिंकी वहिनी खालच्या दोन खोल्यांत, आई माझ्यासोबत वर. खाणीतून रिटायर होऊन तिला नऊ वर्षं झाली. गुडघे कुरकुर करतात, बाकी ठणठणीत आहे. निदान गेल्या महिन्यापर्यंत होती.

मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा मी दुकानातच होते. 'मंजू, आपली दुर्गी येऊन राह्यली! जपानी कार्टूनसारखी सिरीज, सोळा भाग, मीच डायरेक्टर!' आपली म्हणालास. मशीनमधून कुणाच्या तरी साखरपुड्याचं बॅनर निघत होतं आणि मी तिथे उभी राहून ढसाढसा रडले. मालक बाबूलालजींना वाटलं, घरी कुणी गेलं. सात वह्या भरल्या होत्या रे आपण. चित्रं माझी, गोष्ट दोघांची. खाणीतली मुलगी दुर्गी, तिचे तळवे काळे. तिनं माणसाच्या कपाळावर हात ठेवला आणि तो खरं बोलत असला तर काळा ठसा उमटणार. खोटं बोलत असला तर कपाळ कोरंच राहणार. हे आपण काही हवेतून आणलं नव्हतं. आई ओट्यावर बसून दगड निवडायचं शिकवायची ना आपल्याला, जो दगड हाताले जास्त काळं करते तोच चांगला, तोच असली मँगनीज. आणि तो ठसा तर तुझाच होता. सहावीत, तुझी आई गेली त्या वर्षी, तुला ताप भरला आणि तुझे बाबा पाळीवर. आई खाणीतून आली ती हातही न धुता थेट शेजारी, तुझ्या खोलीत. तिनं कपाळाला हात लावून पाहिला, त्याचा पाचही बोटांचा ठसा उठला आणि तू दोन दिवस कपाळ धुवू दिलं नाहीस. ताप उतरल्यावर तूच म्हणालास, मंजू, हे काढ. पहिल्या वहीचं पहिलं पान तेच आहे.

सिरीज आली त्या रविवारी आईनं पांढरं लुगडं नेसलं. बुद्धविहारातल्या वंदनेनंतर रुख्माबाई आणि आणखी चार-पाच बायांना घरी घेऊन आली. आठवडाभर सगळ्या वॉर्डात सांगत फिरत होती, 'माहे हात टीव्हीत येऊन राह्यले.' दादानं फोन टीव्हीला जोडला, वहिनीनं चिवडा केला. आणि मग लोकेश, काय दाखवलंस रे तू? दुर्गीची निओमी झाली, तिचे केस जांभळे. तिरोडीच्या स्टेशनवर गुलाबी फुलांचा पाऊस! खाणीतल्या बाया दोन काड्यांनी शेवया खातायत. निओमीचं तोंड मिटल्यावर चार शब्द मागाहून ऐकू येतात. ती धावते तेव्हा एकच झाड आठ वेळा मागे जातं, मी मोजलं. तिची आई पहिल्याच भागात मरते आणि मरताना तिचा अश्रू गालावरून खाली यायच्या ऐवजी वर चढतो. आमची आई म्हणाली, 'मी त पयल्याच भागात मेली वं!' सगळ्या बाया खो खो हसल्या, आईपण हसली. मला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं. पण मधूनच निओमीनं हात पसरले आणि तळवे काळे होते. कोळशासारखे नाही, खाणीचा काळा रंग असतो तसे, किंचित चमकणारे, बोटांच्या पेरांत जास्त. माझ्या पानावरून जसेच्या तसे. आई उठून टीव्हीपुढे गेली, आपले तळवे त्याच्या शेजारी धरले आणि रुख्माबाईला म्हणाली, 'पाहा, हायेत का नाही तेच?' त्या एका गोष्टीसाठी मी तुला सगळी झाडं माफ केली असती. खरंच केली असती.

मग नावं आली. मी दादाला म्हटलं, थांब, मागे घे. तीनदा मागे घेतलं. कथा, संकल्पना, दिग्दर्शन: लोकेश मेश्राम. विशेष आभारांत तुमच्या कँटीनवाल्याचं नाव आहे, कुणाच्या तरी मांजरीचं आहे. माझं नाही. आईचं नाही. आई विचारत होती, 'आलं का वं तुहं नाव?' मी म्हटलं, फार भरभर गेलं, दिसलं नाही. लेकीनं आईशी खोटं बोलायचं, तेही तुझी इज्जत राखायला!

वह्या तू पुण्याला कोर्सला गेलास तेव्हा मी स्वतःच्या हातानं तुझ्या बॅगेत ठेवल्या होत्या. 'तुझ्याशिवाय एक पान पुढे नेणार नाही,' असं म्हणाला होतास, स्टेशनवर, आईसमोर. आणखीही काही म्हणाला होतास, ते आता उगाळत नाही. तुझ्या लग्नाची बातमी मला फेसबुकवरून कळली तेव्हाही मी तुला एक अक्षर बोलले नाही. माणसाचं मन बदलतं, समजू शकते. पण वह्या तर मन नव्हत्या ना? त्यांच्यावर दोघांची नावं होती, शाईनं, माझ्याच अक्षरात.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं ऐक. तिसऱ्या दिवशी कुणा 'दर्शक ४४' नं सिरीजखाली हिंदीत भली लांब कमेंट टाकली. नंबर घालून चौदा चुका. तेच झाड, तोच अश्रू, काड्यांनी शेवया, सगळं. आणि चौदावी: 'हीरोइन की हथेलियाँ काली क्यों हैं? रंग भरने वाला सो गया था क्या?' ती कमेंट अशी पसरली की विचारू नकोस. लोक झाडं विसरले, अश्रू विसरले आणि सगळे हातांच्या मागे लागले. 'दीदी, पहले हाथ धो लो.' 'साबुन भिजवा दूँ क्या?' इंदूरच्या एकानं तर व्हिडिओच केला. निओमीचे हात दिसले की तो उठून बेसिनवर हात धुवायला जायचा, एका भागात नऊ वेळा गेला. तो व्हिडिओ आमच्या दुकानातही सगळ्यांनी पाहिला. बाबूलालजींचं पोट दुखलं हसून. मीही त्यांच्यासोबत तोंड वाकडं करून हसल्यासारखं केलं. 

मला भरवसा होता, तू बोलशील. तू लाइव्ह येणार हे कळल्यावर मी दुकानातून अर्धी सुट्टी घेतली. निळा हुडी घालून बसला होतास, मागे निओमीचं पोस्टर. कुणीतरी विचारलंच, हात काळे का? आणि तू हसलास, लोकेश. मग म्हणालास, 'अरे वो कलरिंग की गलती थी, नीचे की टीम से हो गई, नोट कर लिया है.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलास. एवढंच. काहून रे? तुझ्या कपाळावर दोन दिवस जे होतं ती कलरिंगची गलती होती? ज्या हातांनी तुला भाकर कुस्करून भरवली, जे तुझी आई गेली त्या रात्री तुला कुशीत धरून बसले, ते 'नीचे की टीम'? फोन फेकून मारावासा वाटला. तू तर हाताला लागणार नव्हतास.

दर रविवारी एक भाग यायचा; लाइव्हनंतर आठवड्यानं सहावा आला. बाया या वेळी दोघीच आल्या. निओमीनं हात पसरले तर तळवे गुलाबी, पावडर लावल्यासारखे. जुने भागही बदललेत, मी जाऊन पाहिलं, सगळीकडे धुऊन काढलेत. आईनं चष्मा पदरानं पुसला, टीव्हीजवळ गेली, पाहिलं, आणि परत येऊन बसली. 'धुतले वाटते,' म्हणाली. पिंकी वहिनीला बिचारीला कमेंटांत काय आहे ते ठाऊक नव्हतं, आईला करमावं म्हणून तिनं त्या मोठ्यानं वाचायला घेतल्या. मी डोळे वटारले तोवर साबणापर्यंत पोचली होती.  दुसऱ्या दिवशी मी दुकानातून आले तर आई मोरीत बसून वजरीनं तळवे घासत होती. नऊ वर्षांनीही रेघांमधला काळा गेलेला नाही तिच्या, तो काय वजरीनं जाणार? कातडी लाल झाली होती. मी वजरी हिसकावली तर म्हणाली, 'लोकायले घाण वाटलं असन वं. घाणच त होते.' तेव्हापासून विहारातही हात पदराखाली धरते. परवा रुख्माबाईच्या नातवाच्या बारशाला पेढा घ्यायलाही तिनं हात पुढे केला नाही, मलाच घे म्हणाली.

आता ऐक, कशासाठी लिहिते आहे. तो 'दर्शक ४४' मी आहे. दुकानात जेवायच्या सुट्टीत टाइप केलं होतं, डबा उघडायच्या आधी. तेरा चुका रागानं लिहिल्या, आणि त्या खऱ्या आहेत, त्यांची मला लाज नाही. चौदावी फक्त तुझ्यासाठी होती. वाटलं, नाव तर लिहिलं नाहीस, निदान या प्रश्नाला तरी तुला खरं सांगावंच लागेल. कमेंटा वाचणाऱ्यांत उत्तर आपल्या दोघांनाच ठाऊक, एक विचारतंय, दुसरा सांगेल, 'ते हात मंजूच्या आईचे, दुर्गाबाईचे आहेत.' इतका सोपा प्रश्न घातला होता तुला. 'सो गया था क्या' हे लोकांनी वाचावं म्हणून वर मीठ-मिरची. म्हणजे माझ्या आईच्या हातांना सगळ्यांत आधी कोण हसलं? मी हसले. ना इंदूरवाला, ना तू.

आज सकाळी तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, सूप खाली ठेवलं नाही. मला वाटलं आता तोंडही पाहणार नाही माझं. मग म्हणाली, 'तू रागात होती, बाप्पा. रागात बोलते मानूस.' आणि पुन्हा निवडायला लागली. थोड्या वेळानं विचारलं, 'लोकेशले त माहीत होतं ना, कोनाचे हात हायेत ते?' मी म्हटलं, हौ. 'मंग तो काहून नाही बोलला?'  जेवताना पुन्हा तेच विचारलं, आत्ता पडल्या पडल्या पुन्हा. माझ्या वाटणीचं मी कबूल केलं, लोकेश. तुझ्या वाटणीचं मी कुठून सांगू? मला उत्तर नको, आपलं बोलणं संपलं. तिला लिही. पाकिटावर तिचंच नाव घाल आणि मोठ्या अक्षरात लिही, चष्म्याचा नंबर वाढला आहे. ती म्हणते, तुझी चिठ्ठी ती स्वतःच वाचणार, मला हात लावू देणार नाही.

इतकी वर्षं तुझीच होती ती,
मंजुषा