शाफ्टवरचे दोन ठिपके

प्रिय ठिपक्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरात सगळे ठीक आहेत. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. सहा वर्षं सरळ बोलली नाही आणि आज ताईला एकदम कुठून माया फुटली, असं म्हणशील. म्हण. ऐकून घेईन.

काल रोपवाटिकावाले काका गॅरेजात आले. तीच जुनी हिरवी फोर-व्हील पिकअप, जिच्यापायी आपलं बिनसलं. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं. सत्तरच्या पुढे गाडीचा पुढचा भाग अजून थरथरतो, म्हणून बिचारे सहा वर्षं पन्नासनेच चालवतायत. मधे कुणी टायर बदलायला लावले, कुणी बॅलन्सिंग करून दिलं. फरक शून्य.

मी तुझ्यासारखी पहिल्यापासून सुरुवात केली, अजिबात घाई न करता. हो, मी! पुढची चाकं मागे टाकली, थरथर तशीच. जॅक लावून एकेक चाक हलवून पाहिलं, कुठे ढिलं नाही. स्टीअरिंग हातात शांत, पण पायाखालचा पत्रा गुणगुणत होता. मग पुढच्या चाकांना ताकद पोचवणारा शाफ्टच उतरवला आणि नुसत्या मागच्या चाकांवर गाडी मोठ्या रस्त्याला नेली. काटा ऐंशीवर गेला तरी गाडी गप्प. दोष सापडला म्हणून आनंद व्हायचा, तो झालाच नाही. आपल्यानंतर तो शाफ्ट कुणी उघडलाच नव्हता रे. गाडी कडेला लावून बसून राहिले.

त्या दिवशी शाफ्टचे दोन्ही तुकडे सुटे करून, त्याच्या सांध्यांत नवे क्रॉस बसवून तू जेवायला गेलास. काका घाई करत होते, म्हणून ते तुकडे मीच एकात एक सरकवले आणि गाडी देऊन टाकली. आठ दिवसांनी ती थरथरत परत आली, तेव्हा काकांच्या देखत मी तुझ्यावर खापर फोडलं, की यानं खूण न करताच शाफ्ट सोडवला. तू एवढंच म्हणालास, की ठिपका दिलाय, बघ तरी. मी बघितलं नाही. तू हात पुसलेस, फडक्याची घडी घातलीस आणि गेलास. काकाही गाडी घेऊन गेले.

काल शाफ्ट रॉकेलने धुतला. ग्रीसच्या थराखाली तुझे दोन पांढरे ठिपके, एक या तुकड्यावर, एक त्या. समोरासमोर असायचे, ते पाव फेरा लांब; म्हणूनच ती थरथर. ज्यानं आईच्या कुकरच्या झाकणालाही ठिपका दिला, ज्याचं नावच आम्ही ठिपक्या पाडलं, तो शाफ्टला विसरेल? मला तेव्हाही कळत होतं, खोटं कशाला बोलू. बघितलं असतं तर गिऱ्हाइकासमोर चूक माझी निघाली असती, म्हणून मी वाकलेच नाही. त्यानंतर तू पान्याला हात लावला नाहीस, गोदामाच्या दारावर खोकी मोजत बसतोस, हे तुझ्या बायकोकडून कळतं.

आज सकाळी काकांना फोन करून खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, की गाडी न्यायला गुरुवारी येतो. शाफ्ट दोन तुकड्यांत बाकावर आहे, खाली तुझंच फडकं अंथरलंय. ठिपक्याला ठिपका जुळवून बसवणं मलाही जमतं, पण मी हात लावणार नाही. ज्यांच्या देखत तुला बोलले, त्यांच्याच देखत मला तुझी माफी मागायची आहे. कामावर परत ये म्हणायला मला तोंड नाही. एवढा एक शाफ्ट बसवायला ये. नाही आलास, तर काकांची गाडी शाफ्टविना, मागच्याच चाकांवर परत जाईल. तेही मी त्यांना विचारलं, आणि ते हो म्हणालेत.

तुझीच,
तोंडाळ ताई