माळ खिळ्याला, अंडं हातात

गुरुजी, मला तुमच्या मुलाचा लय राग आलाय, अन् तुमचा त्याच्याहून जास्त. मेलेल्या माणसावर राग धरू न्हाई म्हणतात. पण वर्गात तुमी समोर उभे असताना मी कोणाचं ऐकलं न्हाई, आता कामून ऐकू? वळखलं असंलच तुमी मला. शेवटच्या बाकावरचा. तुमच्या सायकलीची हवा सोडायचो, अन् मग पळत जाऊन पंप आणून देऊन शाबासकी घ्यायचो. तुमी म्हणायचे, हे बेणं एक तर पुढारी होईल न्हाईतर चोर. दोन्ही जमलं न्हाई. सातवीनंतर शाळा आपोआप सुटली, अन् आता देवगाव फाट्यावर अंडाभुर्जीचा गाडा लावतो. शाळेतली एकच गोष्ट कामाला आली, ती म्हणजे तुमच्याकडं बघून शिकलेलं अंडं सोलणं. म्हणूनच तर डोकं फिरलंय.

तुमचा मुलगा गावात आला होता. चारचाकी घेऊन. तुमचं घर सेलूत, त्यामुळं आमच्या गावाशी त्याचा काही संबंध न्हाई, तुमी इथं शिकवायला होते इतकाच. शाळेला जेवायची शेड बांधून देतो म्हणाला, वर तुमचं नाव. चांगलं हाय. लेकरं अजूनबी तिथंच जेवतेत, लिंबाच्या झाडाखाली, एका हातानं ताट अन् दुसऱ्या हातानं कुत्रं सांभाळत. पाऊस आला की खिचडीत पाणी. सगळे खुश. मग त्यानं अट सांगितली. बुधवारी लेकरांना अंडं मिळतं ते बंद करायचं, त्याच्याऐवजी केळ द्यायचं. कामून तर, "माझे बाबा माळकरी होते. त्यांनी जन्मात अंड्याला हात लावला नाही. त्यांच्या नावाच्या छपराखाली अंडं कसं चालेल?"

जन्मात हात लावला न्हाई. गुरुजी, आधी मला हसूच आलं.

बुधवारी मधल्या सुट्टीत तुमी फळ्याशेजारच्या खिळ्यापाशी जायचे. गळ्यातली तुळशीची माळ काढायचे, कपाळाला लावायचे अन् खिळ्याला अडकवायचे. मग बाह्या वर सारून उकडलेल्या अंड्यांच्या पातेल्यापुढं मांडी घालून बसायचे. बारक्या पोरांना सोलता यायचं न्हाई, अर्धं अंडं टरफलासंगं जायचं, म्हणून तुमीच एकेक सोलून हातावर ठेवायचे. नाक जरा तिकडं वळवून. वास तुमाला सोसायचा न्हाई, ते आमाला दिसायचं, अन् आमी मागं बसून तुमच्या नाकाची नक्कल करायचो. बाकीच्या शाळांत त्या टायमाला आठवड्यातून एकदा बिस्किटाचा पुडा द्यायचे. आपल्याकडंबी बिस्किटच होतं. पण एकदा आमच्या वस्तीतली एक पोरगी प्रार्थनेत उभ्या उभ्या चक्कर येऊन पडली. तुमी तिला सायकलवर घालून डॉक्टरकडं नेलं. परत आले ते सरळ चुलीपाशी गेले. खिचडी करणाऱ्या मावशीला म्हणाले, "डॉक्टर म्हणतो आजार काहीच नाही, हिला खाऊ घाला." पुढच्या बुधवारी बिस्किट बंद, अंडं चालू. गावातला एक माळकरी म्हातारा काठी आपटत शाळेत आला, "गुरुजी, माळकरी होऊन हे काय करायलाव?" तुमी अंडं सोलायचं थांबवलंसुद्धा न्हाई. म्हणाले, "माळ मी घालतो बाबा, लेकरं घालत नाहीत." म्हातारा गेला. तो पुन्हा आला न्हाई.

अन् ते कच्चं अंडं आठवतं का? पातेल्यातलं एक उकडलेलं मी गुपचूप खाल्लं अन् त्याच्या जागी मायच्या कोंबडीचं कच्चं सरकवलं. तुमी ते ताटाच्या काठावर हाणलं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, सगळीकडं पिवळं. माळकरी माणूस अंड्यानं माखलेला. कोणी केलं म्हणून तुमी इचारलंच न्हाई, सगळे माझ्याकडंच बघायले होते. तुमी म्हणाले, "हे अंडं कोणाच्या वाटणीचं होतं?" मी म्हणलं, "माझ्याच." "मग तुझं झालं." एवढंच. छडी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं. सुट्टी संपायच्या आधी तुमी मला बोलवलं, तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी काढली, वर शेंगदाण्याची चटणी, अन् चटणीवर लोण्याचा गोळा. खाऊन झाल्यावर म्हणाले, "चल हापशावर, दांडा मार." तुमी सदरा धुतला, हात धुतले, डोक्यावरून पाणी घेतलं. पुन्हा साबण लावला. म्हणाले, "मार अजून. घरी वास नाही गेला पाहिजे." तवापासून दर बुधवारी शाळा सुटल्यावर हापशाचा दांडा माझ्याकडं. तुमी न्हाऊन, माळ घालून, केस वाळेपर्यंत वट्ट्यावर बसायचे, मग सायकल. मला वाटायचं, घरी काकूला भेता.

तर बैठक. शाळेच्या वरांड्यात. माझी पुतणी दुसरीत हाय म्हणून मीबी गेलो. तुमचा मुलगा बोलायला चांगला हाय, आवाज तुमचाच. म्हणाला, शाकाहारानं शरीर हलकं राहतं, मन शांत राहतं, बीपी, शुगर जवळ येत नाही. डाळी आहेत, शेंगदाणे आहेत, सोयाबीन आहे, ताकद त्यातूनही मिळते, जीव मारायची गरज काय. खोटं बोलायला न्हाई तो. माझा मामा रोज मटणावर ताव मारतो, त्याच्या पायाचा अंगठा असा सुजतो की चप्पल जात न्हाई. माझ्याच गाड्यावर ड्रायव्हर लोक तिखटजाळ भुर्जी हाणतेत अन् मग मलाच इचारतेत, सोडा हाय का रं. अन् तुमच्या डब्यातल्या त्या भाकरीची चव मला अजून कुठल्या रश्श्यात सापडली न्हाई. हे सगळं मला मान्य हाय. पण गुरुजी, त्या चटणीवर लोणी होतं. तुमच्या दारात म्हैस होती.

मी उठून म्हणलं, "साहेब, तुमच्या घरी शाकाहार म्हणजे दूध, दही, तूप अन् घट्ट वरण. आमच्या वस्तीत शाकाहार म्हणजे भाकरी अन् ठेचा, अन् वरण असलंच तर त्यात डाळ हुडकावी लागती. दोन्हीला एकच नाव कसं काय?"

तो उत्तर द्यायला लागला. पण आमच्या सरपंचाचा पोरगा, माझ्याच बाकावरचा, आता शाळेच्या समितीत हाय, तो म्हणाला, "तू तर बोलणारच. तुझा धंदाच अंड्याचा." सगळे हसले. मी म्हणलं, "अन् शेडची रेती तुझ्या ट्रॅक्टरनं येणार, तू तर त्याहून जास्त बोलणार." मग माझ्या बाजूनंबी हसले. मोठ्या बाई, म्हणजे आताच्या मुख्याध्यापक बाई, म्हणाल्या, "मुद्द्याचं बोला."

मुद्द्याचंच बोललो. म्हणलं, "इथं बसलेल्यांपैकी निम्मे गुरुजींच्या हाताखालून गेलेत. गुरुजींनी सोललेलं अंडं कोणी कोणी खाल्लंय, हात वर करा."

गुरुजी, एक हात वर झाला न्हाई. एकबी. माझा सोडून. प्रार्थनेत पडलेली ती पोरगी, आता दोन लेकरांची माय हाय, ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सरपंचाचा पोरगा, जो रडून रडून दुसरं अंडं मागायचा अन् तुमी द्यायचे, तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "पाव्हण्यासमोर गुरुजींची इज्जत कामून घालवायलास? बस खाली." इज्जत. ज्या हातानं त्याला अंडं मिळालं तो हातच त्याला आता लपवावा वाटायलाय, अन् वरून ह्याला मान देणं म्हणायलाय. तुमचा मुलगा माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमची काहीतरी गफलत होतेय." मी खाली बसलो. अट मंजूर झाली, नारळ फुटला. घरी माय म्हणाली, "शेडबी लागतीच की रं. लेकरं भिजतेत." तिचंबी खरंच हाय. पण शेड अन् अंडं एका तागडीत घातलं कोणी? भुकेल्या लेकराला असं इचारतं का कोणी, की बाळा, डोक्यावर छप्पर पाहिजे का पोटात घास?

मग मी काय केलं ते सांगतो. बुधवारी मी फाट्यावर गाडा लावत न्हाई. शाळेच्या गेटाबाहेर लावतो. घरून अंडी उकडून आणतो, सोलतो, सगळ्यांना पुरावं म्हणून दोऱ्यानं मधोमध अर्धं करतो. ज्याला नको त्याला न्हाई. चार-दोन लेकरं नको म्हणतेत, घरी चालत न्हाई त्यांच्या, ते केळ खातेत अन् दोऱ्याची करामत बघत उभे राहतेत. त्यांना कोणी चिडवलं तर मी कान धरतो. मोठ्या बाई बाहेर आल्या, गाड्याकडं बघितलं, लेकरांकडं बघितलं, म्हणाल्या, "गेटाबाहेर काय चालतं ते मला इथून दिसत नाही." अन् चष्मा पुसत आत गेल्या. मायला, मला वाटलं आता पाया पडावं ह्यांच्या.

ह्या बुधवारी तुमच्या मुलाची गाडी आली, शेडचे खांब उभे राहायलेत ते बघायला. मला बघून थांबला. मला वाटलं आता भांडण. चार भांडणाचे बोल मी तयारच ठेवले होते. पण तो उभा राहिला, मी सोलायलो ते बघत. मग हळूच म्हणाला, "बाबा खरंच सोलायचे?"

म्हणलं, "हाव."

"आणि माळ?"

मी त्याला वर्गात नेलं. फळा नवा बसवलाय, पण खिळा तसाच हाय. त्याला कोणीतरी नकाशा अडकवलाय. तो नकाशा बाजूला करून खिळ्याकडं बघत राहिला. म्हणाला, "आई म्हणायची, बुधवारी यांचा जादा तास असतो. कायम केस ओले असायचे. आम्हाला वाटायचं घामानं." मग नकाशा पुन्हा सरळ करत, "घरी कधी बोलले नाहीत."

मी म्हणलं, "मग आता अट काढा."

तो म्हणाला, "आईला काय सांगू? ती अजून त्यांच्या माळेला रोज हात जोडते. एवढ्या वर्षांनी तिला हे सांगू?" अन् गेला. जाताना म्हणाला, "तुमचं चालू द्या." चालू द्या. गेटाबाहेर, मोठ्या बाईंना दिसणार न्हाई असं, काकूला कळणार न्हाई असं. चालू द्या.

तवा माझा राग त्याच्यावरून उठला अन् तुमच्यावर येऊन बसला. त्याला माहीतच नव्हतं हो. तो बैठकीत खोटं बोलला न्हाई. त्या काठीवाल्या म्हाताऱ्याला भर वर्गात तोंडावर उत्तर दिलं तुमी, अन् घरी स्वतःच्या बायकोला एक शब्द सांगता आला न्हाई? जादा तास म्हणे. मी दांडा मारत होतो तो जादा तास. तुमी एकदा, एकदाच, जेवताना म्हणले असते, की आज शाळेत लेकरांना अंडी सोलून दिली, तर काकू दोन दिवस बोलल्या नसत्या. मग बोलल्या असत्या. अन् आज माझ्या पुतणीला तिच्या हक्काचं अंडं गेटाबाहेर उभं राहून, अर्धं खावं लागलं नसतं. चांगलं काम केलं तुमी, अन् चोरीच्या मालासारखं धुऊन टाकलं. लोकांना वाटलं, गुरुजीच लपवत होते म्हणजे लाजायसारखंच असंल. ते हात वर झाले न्हाईत, त्यात सगळा दोष त्यांचा न्हाई. थोडा तुमच्या साबणाचाबी हाय.

लिहिलं एवढं, पण ही चिठ्ठी कुठं टाकायची? सेलूच्या पत्त्यावर टाकली तर काकूच्या हातात पडंल. म्हणजे मीबी लपवायलोच. गाड्याच्या खालच्या फळीवर, तेलाच्या डब्यामागं ठेवतो.

अन् एक राहिलं. रागाच्या भरात हे सांगायचं नव्हतं. मीबी खायचं सोडलंय गुरुजी. अंडं न्हाई, कोंबडी न्हाई, मटण न्हाई, दिवाळीपासून. माळबीळ घातली न्हाई, कोणी उपदेशबी केला न्हाई. दिवसभर त्या वासात उभं राहून एक दिवस घास आत जाईना, मग जाऊच दिला न्हाई. पोट हलकं वाटतं, तुमच्या मुलानं सांगितलं तसंच. पण फाट्यावर सांगायची सोय न्हाई, गिऱ्हाईक म्हणंल हाच खाईना म्हणजे मालात काहीतरी हाय. अन् घरी माय रविवारी हुडकून हुडकून माझ्या ताटात मटणाची नळी टाकती, मी ती पुतणीच्या ताटात सरकवतो. ह्या रविवारी मायनं बघितलं. म्हणाली, "कामून रं, खाईना गेलास?"

म्हणलं, "फाट्यावरच खाऊन आलोय."