वाकडं बोट

८ नोव्हेंबर

सुई अर्धी आत, आणि वि.नं फोन उचलला. एका हातात सिरिंज, दुसऱ्या हातात त्याची आई. "हाव आई, देऊन राहिलो. आताच. हाव. सांगतो तिले, जड उचलू नको म्हणून."

मी पालथी. भिंतीकडं तोंड.

म्हणजे आईंना माहीत आहे.

परवा रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मी एकच मागितलं होतं. तीन महिने कोणालाही सांगायचं नाही. त्यानं मान हलवली होती. आता विचारलं, कधी सांगितलंस?

"त्याच दिवशी. आई हाय ते, वंदना. गावातली बाई थोडीच हाय."

तेलातलं औषध असतं. हळू सोडावं लागतं. त्यानं बोलण्याच्या नादात एकदम सोडलं. गाठ आली आहे. शेकत बसले आहे.

९ नोव्हेंबर

सौंसरहून संत्र्याच्या व्यापाऱ्याचा फोन. सासरचा बगीचा पाहायला आला होता. "वहिनी, अभिनंदन. आईनं पेढा खाऊ घातला." या माणसाला मी आयुष्यात दोनदा पाहिलं आहे. बहिणीला अजून सांगितलेलं नाही. याला माहीत.

वि. म्हणतो, लोक खूश आहेत, त्यात काय.

गोठवून ठेवलेल्या भ्रूणांतलं हे शेवटचं. मी एक्केचाळीसची असताना ठेवलेलं. आता चव्वेचाळीस. आधीची दोन रुजली नाहीत. यानंतर काही ठेवलेलं नाही. हे पेढ्याच्या डब्यावर लिहिलेलं नसतं.

११ नोव्हेंबर

कॉलेज. प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्याकडं बँकेतून गेलं असणार, वि.च्या बँकेत त्यांचं खातं आहे.

"मैडम, बधाई हो। भगवान के घर देर है, अंधेर नहीं।"

"सर, वो घर नागपुर के एक क्लिनिक में है। तीसरी मंज़िल पर। लिफ्ट बंद रहती है।"

हसले नाहीत. एम.ए.चा वर्ग माझ्याकडून काढून घेतला आहे. आराम करा म्हणाले. मी मागितला नव्हता. वर्ग वरच्या मजल्यावर आहे म्हणे, जिना आहे. तेरा वर्षं तो जिना मी चढते आहे.

पूर्वी म्हणायचे, मैडम को क्या, घर में कौन राह देख रहा है, परीक्षेची ड्यूटी यांना द्या. तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

आई आल्या. आठवडाभर राहणार. सोबत जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीचा शेंदूर, कागदाच्या पुडीत. माझ्या कपाळाला लावला, मग विचार करून पोटालाही. पोटावर जुन्या सुयांचे निळे डाग आहेत. ते पाहिले. मग म्हणाल्या, "हनुमानजीनं ऐकलं बई. मी नवस केला होता. भंडारा करू आता मोठा."

मी म्हणाले, आई, तो तिथं झोपलेला आहे. त्याला झोपू द्या थोडं.

वि. रागावला. आई नाहीत रागावल्या. नंतर वि.कडून कळलं की नवसासाठी त्यांनी संत्रं सोडलं होतं. सात वर्षं. संत्र्याच्या घरात राहून. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी खाल्लं, झाडाखाली उभं राहून, एकामागून एक तीन.

मला माहीत नव्हतं. आता तेही माझ्याच पोटावर.

१५ नोव्हेंबर

चोरओटी कधी करायची यावर आईंचं आणि माझ्या जावेचं, कल्पनाताईंचं, फोनवर चाललं आहे. मी त्याच खोलीत. तिसरा लागला की करू, घरच्या घरी, कोणाला कळू न देता, असं आई मोठ्यानं सांगत होत्या. खिडकी उघडी.

१६ नोव्हेंबर

कुंपणावरच्या वेलीला कोहळं धरलं आहे. मुठीएवढं. शेजारच्या काकू विचारत होत्या, कुठं दिसत नाही ते. आईंनी दाखवलं. तर्जनी दुमडून, बोटाच्या पेरानं. "थे पाय, पानाखाली."

बोट वाकडं का, मी विचारलं.

"सरळ बोट दाखवलं का कोवळं फळ सडते. नजर लागते त्याले. एवढी शिकली तू, एवढं नाही शिकवलं कॉलेजात?"

आणि त्याच दमात काकूंना, "हे पाय. होतच आला दीड महिना." माझ्या पोटाकडं. सरळ बोट.

आत आले. भांडी घासलेली होती, पुन्हा घासली.

२० नोव्हेंबर

नागपूर. सोनोग्राफी.

पडदा वि.कडं फिरवलेला. डॉक्टरबाई त्याच्याशी बोलत होत्या. मी मध्ये आडवी, पाय वर. पिशवी दिसते. गर्भ दिसतो, छोटा. ठोके दिसत नाहीत. कधी कधी उशिरा दिसतात. कधी कधी दिसत नाहीत. एक तारखेला या.

"मॅडमना टेन्शन देऊ नका हं."

मॅडम इथंच आहेत, मी म्हणाले. त्यांनी हातमोजा काढला.

परतीच्या गाडीत वि. खिडकीबाहेर पाहत होता. काटोलला त्यानं चहा घेतला, माझ्यासाठीही. मी प्यायले नाही. तो दोन्ही प्यायला.

२१ नोव्हेंबर

आईंना सांगू नको म्हणाला. त्यांचा जीव लहान आहे म्हणे.

चांगली बातमी याच्या पोटात एक संध्याकाळ मावली नाही. वाईट मावते.

आई आज सौंसरला परत गेल्या. बसमध्ये बसवेपर्यंत सांगत होत्या, पपई नको, तीळ नको, दुचाकी नको. मी हो हो म्हणत होते. खिडकीतून माझा हात धरला आणि बस हलेपर्यंत सोडला नाही. मी पण काढून घेतला नाही. ही चूक की काय.

२४ नोव्हेंबर

कल्पनाताईंचा फोन. निकिताला सातवा लागला. डोहाळजेवण ३० ला, माहेरीच. निकिता म्हणजे त्यांची मोठी. मी लग्न होऊन आले तेव्हा दुसरीत होती, माझ्याजवळ पाढे म्हणायची.

"सकाळीच येजो. आणि या खेपेले सैपाकात नाही जायचं. ओटी पयले तूच भरजो, समजलं?"

या खेपेले.

सतरा वर्षांत त्या घरात जेवढी डोहाळजेवणं झाली, प्रत्येक वेळी ताट फिरायच्या आधी ताई म्हणायच्या, "वंदना, पुरणाकडं पाय जरा." मी पुरणाकडं पाहायची. पुरणाला कधी काही झालेलं नसायचं. आतून गाणी ऐकू यायची. सगळी तोंडपाठ आहेत. एकदा निकिता, दहा-अकरा वर्षांची असेल, आत येऊन म्हणाली होती, काकू, तू का नाही भरत? ताईंनी तिला दंडाला धरून नेलं.

आता मी त्यांना चालते. पिशवीत एक छोटा गर्भ आहे, ठोके नाहीत, आणि मी चालते.

नाही जाणार.

२६ नोव्हेंबर

जाणार. का नाही जायचं? सतरा वर्षांचं येणं आहे माझं. पहिली भरणार, ताईंच्या डोळ्यांत पाहून भरणार. एक तारखेनंतर काय व्हायचं ते होऊ दे, ३० ला तर माझ्या पोटात आहे.

वि. म्हणाला, "तू भांडायले चालली का ओटी भरायले?"

२८ नोव्हेंबर

सकाळी मळमळ नव्हती. दुपारीही नाही. दिवसभर मळमळीची वाट पाहिली. संध्याकाळी फोडणीच्या वासानं थोडी आली, तर रडू येईल की काय असं झालं. कढई आदळली. वि. धावत आला, काय झालं? काही नाही. तूच सगळ्यांना सांगतोस, तर सांग जाऊन, कढई आदळली.

३० नोव्हेंबर

सौंसर. सगळं लिहून ठेवते.

निकिता पाटावर. फुलांचे दागिने, हिरवी साडी. छान दिसत होती, दमलेली. पंचवीसेक बायका. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. ताईंनी ओटीचं ताट आणलं, गहू, खारका, नारळ, खण, हळकुंड, आणि आई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वंदना, ये. पयले तू. पाहू द्या सगळ्यायले."

बायका सरकल्या. वाट झाली. एक म्हणाली, "या बापा, आता तुमचंच राज्य." हसल्या. ज्यांनी मला पुरणाकडं जाताना पाहिलं होतं त्याच सगळ्या.

ताट हातात घेतलं. जड होतं. मला वाटलं होतं मी ताईंकडं पाहीन. मी आईंकडं पाहिलं.

"आई, मागच्या वेळी ठोके दिसले नाहीत. जिवंत आहे की नाही माहीत नाही. उद्या कळेल. आता सांगा, भरू का?"

गाणं थांबलं. एक बाई दोन शब्द पुढं म्हणून मग थांबली.

ताई म्हणाल्या, "असं काऊन बोलतं बई, शुभाच्या टायमाले." आईंचं तोंड किंचित उघडं. हात मांडीवर होते ते तिथंच.

पण कोणी ताट घेतलं नाही. कोणी म्हणालं नाही, पुरणाकडं पाहा. हे खरं आहे म्हणून लिहिते. सगळ्या थांबल्या होत्या, आणि निकितानं पदर पसरला. "भर न काकू."

मी तिच्या पोटाकडं पाहिलं. सातवा. साडीवरूनसुद्धा हललेलं दिसलं.

मी ताट खाली ठेवलं.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच ठेवलं. माझ्या हाताला वाटलं, यातून तिला माझं काही लागेल. सतरा वर्षं ज्याला मी अडाणीपणा म्हणत आले, आणि वर्गात ज्याच्यावर तासन्‌तास बोलत आले, ते माझ्याच हातात होतं. ताईंच्या हातात नाही. माझ्या. जिच्यावर आरडाओरड करायची ती बाईच उरली नाही.

उठून मागे परसात गेले. बाकीच्यांनी भरल्या ओट्या. गाणी पुन्हा सुरू झाली. मी आतल्या आत म्हणत होते, सवयीनं.

मग निकिता आली. गजरे कानावर लोंबत होते, धाप लागलेली. धुण्याच्या दगडावर बसली.

"काकू, भेली तू?"

"हो."

"कोणाले? आईले?"

"नाही. तुझ्यासाठी."

"मी तं नाही भिऊन राहिली." मग म्हणाली, "थोडी भेते. पण ते डिलिवरीले. तुले नाही."

मी तिचा लोंबणारा गजरा नीट खोवला. ती म्हणाली, "भर मग."

"ताट आत आहे."

"राहू दे थे ताट. त्यातलं अर्धं बायकायनंच खाल्लं, खारका पाय किती उरल्या."

खाटेवर धुतलेले गहू वाळत होते. मी ओंजळ भरली. ओलसर होते अजून. तिच्या पदरात घातले. दुसरी ओंजळ. नारळ नाही, खण नाही, हळकुंड नाही. काही खाली सांडले. तिनं वाकायचा प्रयत्न केला, पोटामुळं जमेना, तशीच हसायला लागली. "सातव्यात चोरओटी. माह्यासारखी मीच." मी खाली बसून दाणे वेचले. मला हसू आलं नाही. वेचले मात्र सगळे.

जाताना म्हणाली, "उद्या काही बी झालं तं मले पयले फोन करजो. काकाले सांगू देऊ नको, तो व्यापाऱ्याले सांगन."

तेव्हा हसले.

राग गेलेला नाही. ताईंवर आहे, वि.वर आहे, त्या पंचवीस जणींवर आहे, आणि आता माझ्यावर. निकितावर नाही, एवढंच.

निघताना आई दारात उभ्या होत्या. दुपारपासून माझ्याशी बोलल्या नव्हत्या. बोलणार नाहीत असं वाटलं. शेवटी ताईंना म्हणाल्या, "तिची थैली तू घे. गाडीत ठेव. तिले उचलू देऊ नको."

बोट माझ्याकडं होतं. दुमडलेलं.

१ डिसेंबर

सकाळी वि.नं फोन बंद करून कपाटात ठेवला, मग इंजेक्शन दिलं. हळू दिलं. रक्ताचा डाग नाही. मळमळ थोडी. नागपूरची गाडी तिगावला अडकली होती, उशिरा आली. चढलो.