लेकीच्या तापाला आलेली माय

माय, तू होतीस तेव्हा हे बोलायची माझी छाती झाली नाही. मला माझ्याच लेकीचा हेवा वाटला होता. ती तीन वर्षांची होती, तापाने फणफणली होती, आणि तरी तिला उचलून बाजूला ठेवावं आणि तिच्या जागी आपण जाऊन पडावं, असं मला वाटत होतं.

शहाऐंशी साल असेल. पिपरी मेघेला आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पोरीला ताप चढला तेव्हा हे कचेरीत होते. मी घाबरून तिला दुलईत गुंडाळलं आणि दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी ती दुलई काढायला लावली. पातळ कपडे घाला, कोमट पाण्याने अंग पुसा, थोडं थोडं पाजत राहा, औषध सांगितलं तेवढंच द्या, आणि पोर मलूल पडली किंवा पाणीही घेईना झाली तर तशीच घेऊन या, असं त्यांनी बजावलं. सगळं मला पाठ होतं, मी करतही होते. पण गावाकडे निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी हिंगणीहून येणाऱ्या एसटीने तू दारात हजर. पिशवी टेकवलीस, हातपाय धुतलेस आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलंस. “सरक तू. मी बसतो हिच्यापाशी.”

तू तिला मांडीवर घेतलंस. फडकं पिळायचीस, तिचं कपाळ, मान, काखा हळूहळू पुसायचीस. पाणी थंड झालं की मला हाक यायची, “कोमट पाणी आण व थोडं.” पोर किरकिरली की वाकून तिच्या कानाशी बोलायचीस, “माही चिमणी, माही बाई, एक घोट घे. माह्यासाठी घे.” आणि ती घ्यायची. माझ्या हातून सकाळपासून चमचाभर पेज न घेतलेली पोर तुझ्या हातून वाटीभर प्याली. मी स्टोव्हपाशी पातेलं धरून नुसती उभी. माय, हा आवाज तुझ्याजवळ होता? मी तो कधीच ऐकला नव्हता.

मी सात-आठ वर्षांची आहे. कापूस वेचायचे दिवस आहेत. मी ओसरीवर पडले आहे, दातावर दात वाजतात, आणि आजी, म्हणजे तुझी सासू, माझ्याजवळ बसली आहे. तू डोक्याला फडकं बांधून वावरात निघतेस. माझ्या उशापासून जातेस, पण वाकत नाहीस. सांजेला परत येतेस आणि दारातूनच आजीला विचारतेस, “उतरला काय जी ताप?” मला नाही, आजीला. आजी म्हणते, “हाय थोडा.” तू चुलीकडे जातेस. मी डोळे मिटून घेते, म्हणजे झोपली आहे असं समजून तरी तू येशील. भाकऱ्या थापल्याचा आवाज येत राहतो.

त्या दुपारी मी लेकीला घ्यायला हात पुढे केले तर तिने तुझ्या पदरात तोंड खुपसलं. “तू नको. आजी.” तू हसलीस. ते हसणं मला फार लागलं. मी म्हणाले, “मलेबी ताप येत होता माय. माह्यापाशी कधी बसली काय तू अशी?”

तुझा हात थांबला.

“कशी बसू?” तू म्हणालीस. “सासूसमोर आपलं लेकरू मांडीवर घेतलं तर लाज नाई काय हिले, म्हणत. वावरात जा म्हटलं का जा लागे.” मग खाली बघून म्हणालीस, “वावरात जीव थाऱ्यावर नव्हता माहा.”

हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. नाही विरघळले. तुझा इलाज नव्हता हे कळलं, पण कळून माझ्या वाट्याला काय आलं? आजी गेली, तू मोकळी झालीस, तोवर मी मोठी झाले होते. माझ्या लेकीला मोकळी झालेली तू मिळालीस, आणि तेही न मागता.

मग मी म्हणाले, “माहंबी डोकं दुखून राह्यलं.” दुखत नव्हतं. तू ओला हात पदराला पुसलास आणि माझ्या कपाळावर ठेवलास. मी डोळे मिटले. “नाई तुले ताप,” म्हणालीस, “चहा घे गरम,” आणि तोच हात पोरीच्या मानेला लावून पाहिलास.

संध्याकाळी तिला घाम सुटला, ताप उतरला, ती मुरमुरे मागू लागली. तू नवस फळल्यासारखी हसलीस आणि सकाळच्या गाडीने परत गेलीस.

तुझी चिमणी आता स्वतः आई झाली आहे. तिला ना तो ताप आठवतो, ना तुझी मांडी. परवा फोनवर विचारत होती, “आई, मी लहानपणी आजारी पडले की माझ्याजवळ कोण बसायचं?” मी म्हटलं, “कोण बसणार, घरातलेच.” तुझं नाव मी घेतलं नाही, माय. ती एक दुपार तिची होती, पण तिला ती ठाऊक नाही, तोवर थोडी माझी आहे.