पिल्लांना मानवेल असं पाणी

८ जाने. ८४, रवि.
दादाच्या तळ्यात आज कोळंबीचं बी पडलं. मुंबईची गिरणी सुटल्यापासून तो इथं दासगावला खाडीकाठची जमीन खणतोय. बी घेऊन येणारा ट्रक कशेडी घाटात अडकला, पिशव्या उन्हात तापल्या. पिल्लं पापणीच्या केसाएवढी, काचेसारखी. दादा म्हणाला, "जरा थांबायचं का?" मीच म्हटलं, ओत लवकर, गुदमरतील. शाळेत विज्ञान शिकवते ना मी.

९ जाने.
सगळी मेली. काठाला पांढरट साय धरल्यासारखी.
दादा घमेल्यानं ती साय काढत राहिला. मला रागावला असता तर बरं वाटलं असतं.

११ जाने.
गोदाकाकी खाडीत शिंपल्या काढायला येते. जाता जाता तळ्यातलं पाणी जिभेला लावलं नि थुंकली. "बाय, ह्ये गोडं हाय गो. तुमची पोरं समिंदराच्या पान्यातली. एकदम कशी सोसतील?"
डोंगराकडचा झरा तळ्यात पाझरत होता. आम्हाला पत्ताच नाही. वर्गात 'क्षार' शिकवते, पण चाखून बघावंसं सुचलं नाही.

१८ जाने.
दादा-वहिनीनं चर खणून झरा बाहेर वळवला. आज पौर्णिमेचं उधाण. बांधातल्या उघाडीची फळी उचलून भरतीचं पाणी आत घेतलं. काकीनं पुन्हा चाखलं. "आता बरं हाय."
दिवसाची मजुरी देऊ केली तर हसली. म्हणे, पानी बगाया कसली मजुरी.

२९ जाने., रवि.
दुसरं बी. या वेळी पिशव्या बंदच तळ्यात तरंगत ठेवल्या. मग तोंडं सोडून वाटी-वाटीनं तळ्याचं पाणी आत. तीन तास. वहिनीची कंबर धरली. काकी बांधावर बसून, "घाय नको, घाय नको."
सोडली तशी तळाला गेली.

३० जाने.
मेलेलं एकही नाही. दोनदा फेरी मारून बघितलं.

२४ फेब्रु., शुक्र.
दोन दिवस मळभ, वाऱ्याचं नाव नाही. उजाडता दादा धावत आला. पिल्लं सगळी वर, काठाला लागलेली. पाण्यातला प्राणवायू संपत आलेला, एवढं मला कळलं. करायचं काय ते कळेना. मी म्हटलं, उघाडी उचल. काकी म्हणाली, "आज भांग हाय, बाय. भरती चढनारच नाय. कितीसं पानी येल?"
आणि लुगडं खोचून स्वतःच आत उतरली. सुपानं पाणी उडवायला लागली. मग वहिनी, मी, दादा. काकीच्या हाकेनं भोईवाड्यातल्या बायका आल्या, मागोमाग आमच्या बौद्धवाडीतल्या. सुपं, परड्या, घमेली, जे हाताला लागेल ते. कमरेएवढ्या पाण्यात सगळ्या एकत्र उभ्या. आईच्या लहानपणी हे...
साडेनऊला ऊन पडलं, थोडा वारा सुटला. पिल्लं हळूहळू खाली गेली. काही मेली. थोडीच.
महाडची एसटी चुकली. शाळेत ओल्या केसांनी गेले.  

२६ फेब्रु., रवि.
पिल्लांच्या खाद्याची परडी तळ्यातून वर काढली तर अकरा जणं आत बसलेली. बोटाच्या पेराहून मोठी, पोटं भरलेली. तळ्यात एकूण किती जगलीत, कुणास ठाऊक. वहिनीनं बायकांसाठी चहा ठेवला. कप कमी पडले, वाट्यांतून दिला. इतकी माणसं आपल्यासाठी पाण्यात उतरतात, हे मला या वयात कळलं.
दादा विचारत होता, "सुमे, चैत्रात खाडी आटली की पाणी फार खारं होईल. तेव्हा गं?"
मी म्हटलं, मला नाही माहीत.
त्यानं चपला घातल्या. मीही निघाले. काकी घरी आहे का, बघून येतो दोघं.